मुलाखत क्रमांक सतरा

शिक्षकांच्या ग्रुपवर पडलेला सरकारी निरोप कोण किती वाचतो, याचा रेवती गुंजकरचा अभ्यास तिच्या पीएच.डी.च्याही आधीपासूनचा होता. आसपासच्या अकरा शाळांचं मिळून एक देवठाणा केंद्र, त्यात चौसष्ट शिक्षक. निरोप पडला की पहिल्या मिनिटात बावीस अंगठे यायचे. अंगठा म्हणजे वाचलं असं नव्हे. अंगठा म्हणजे मी ग्रुपवर आहे, मला गैरहजरांत धरू नका. मग अकरा जोडलेले हात, ते मुख्याध्यापकांचे. दोन-तीन जण ‘खूप छान उपक्रम, मॅडम’ असं लिहायचे. हेच वाक्य थोडं फिरवून ते वाढदिवसाला आणि श्रद्धांजलीलाही वापरत. बाकीचे गप्प. आणि पुढच्या सोमवारपर्यंत सांगितलेलं काम खरोखर केलेले किती? चार. त्यातले दोन नवरा-बायको.

या चारांचे चाळीस कसे करायचे, एवढ्यासाठी ‘संवादसेतू’ आला. हे त्याचं कागदावरचं नाव. शिक्षकांनी आठवड्याच्या आत त्याला ‘मनधरणी’ म्हणायला सुरुवात केली. सरकारी योजनेला नाव ठेवण्याच्या कामात मात्र चौसष्टच्या चौसष्ट जण हजर असतात.

मनधरणीची गोम साधी होती. माणूस वाचताना किंवा ऐकताना आपल्या फोनला जेवढं सांगतो, तेवढं घरात कुणाला सांगत नाही. अंगठा कुठे थांबला, कुठून मागे गेला, कोणत्या शब्दाला पापणी लवायची राहिली, कोणत्या शब्दाला बुबुळ बारीक झालं, हे सगळं फोनचा पुढचा कॅमेरा टिपत असे. त्याची परवानगी प्रत्येकानं पहिल्याच दिवशी तीन पडद्यांवर तीनदा ‘मान्य’ दाबून दिलेली होती, अर्थात न वाचता. त्यातून यंत्र प्रत्येकाचा नकाशा काढी: हा कौतुकानं विरघळतो, हा धमकीनं ताठतो, हिला आकडे नकोत, ह्याला आईचा उल्लेख चालतो. मग एकच मजकूर राज्यातल्या एक्केचाळीस हजार इंग्रजी शिक्षकांसाठी एक्केचाळीस हजार तऱ्हांनी बेतला जाई आणि रेवतीच्या आवाजात ऐकवला जाई. आवाज तिचाच का, तर जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत ती इंग्रजीची तज्ज्ञ, बारा वर्षांची तिची प्रशिक्षणं साठवणीत होती, आणि राज्यभरच्या शिक्षकांचा तिच्यावर विश्वास होता. आवाज वापरायला तिनं आनंदानं परवानगी दिली. वाचून दिली, हे तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

शिक्षकांकडून हवं होतं ते एवढंच: वर्गात ‘कान’ बसवायला होकार. कान म्हणजे तळहाताएवढी एक चपटी डबी. ती घड्याळाशेजारी लावायची. शिक्षक तासाला किती इंग्रजी बोलतो, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतो, गाइडातलं भाषांतर किती वेळा वाचून दाखवतो, हे ऐकून ती रोज संध्याकाळी दोन सूचना आणि शंभरापैकी गुण देणार. कान चांगला होता. हे रेवती आजही म्हणेल. कुणी न हसता, न रागावता शिक्षकाला त्याची चूक सांगणारं तोवर काहीच नव्हतं. फक्त संमतीपत्राच्या आठव्या ओळीत लिहिलं होतं की तीन महिन्यांनी ते गुण कार्यालयाकडे जातील. आठव्या ओळीपर्यंत जाणारा शिक्षक रेवतीनं अजून पाहिलेला नव्हता.

पण होकार येईनात. कौतुकाच्या निरोपाला एकोणीस टक्के, पुरस्काराच्या आशेला एकतीस. धमकीला तेवीस, तेही होकार देऊन डबी कपाटात ठेवणारे.

“गुंजकर मॅडम, यंत्राला कन्फेशन हवंय,” सहसंचालक शर्वरी बोरगावकर पडद्यावरून म्हणाल्या. पुण्याच्या बाई. बोलण्यात घाई एवढी की समोरच्याचं उत्तरही त्याच देऊन टाकत. “कबुलीजबाब. बघा ना, गंमत आहे. जी गोष्ट मी लपवतोय तीच दुसरा कबूल करतोय, असं ऐकलं की माणसाचा पहारा खाली येतो. साधारण चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत काहीही मागा, हो म्हणतो.”

“आणि नंतर?”

“नंतर पुन्हा पहारा. पण होकार दिलेला असतो ना!”

संशोधकांनी या चाळीस सेकंदांना ‘उघडीप’ असं नाव दिलं होतं. आठ दिवस झड लागावी आणि मध्येच जरा आभाळ उघडावं, तशी. बाकी विषयांपेक्षा इंग्रजीच्या शिक्षकांत ही उघडीप स्वच्छ सापडे, कारण या विषयाची गंमतच अशी की शिकवणाराच त्याला सर्वांत जास्त भिऊन असतो. गणिताचा मास्तर गणित येत नाही म्हणून रात्री जागत नाही. इंग्रजीचा जागतो.

“पण कबुली खरी पाहिजे,” बोरगावकर म्हणाल्या. “आम्ही बनवलेल्या चार टाकून पाहिल्या. लोकांना वास येतो. तुमच्या पीएच.डी.च्या मुलाखती आहेत ना? अडतीस?”

होत्या. ‘इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे भय’ हा तिचा विषय. बारा वर्षांपूर्वी ती गावोगाव फिरली होती, प्रत्येकापुढे एक कागद ठेवून सही घेतली होती: माझं नाव, गाव, शाळा कुठेही येणार नाही, ही मुलाखत संशोधनाखेरीज कशासाठीही वापरली जाणार नाही. कागद अडतीस, सह्या अडतीस. त्या मुलाखती बाहेर काढणं म्हणजे पदवी गमावण्याची तयारी ठेवणं. हे तिला ठाऊक होतं.

तिनं अडतीसपैकी एकच काढली. क्रमांक सतरा.

सतरा क्रमांकावर नागोराव टेंगसे सर होते. तेविसाव्या वर्षी ती देवठाण्याच्या शाळेत पहिल्यांदा रुजू झाली, तेव्हा तिला खोली शोधून देणारे, पहिल्या तपासणीच्या आधी “भिऊ नका बाई, साहेबालाही घरी बायको रागावते” म्हणणारे. त्यांच्या बायकोनं, गयाबाईनं, वर्षभर तिला डबा पुरवला होता. सर मूळचे विज्ञानाचे, पण इंग्रजीला माणूस नाही म्हणून इंग्रजी त्यांच्या गळ्यात पडलेलं, ते पडूनच राहिलं. मुलाखतीत ते आधी तासभर काहीच बोलले नव्हते. मग बोलले:

“तपासणीच्या दिवशी पोरांना सांगून ठेवायचो. साहेबानं विचारलं की हात सगळ्यांचे वर पाहिजेत. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. मी उजव्यालाच उठवायचो. साहेब खुश. एका वर्षी साहेब इंग्रजीत बोलले. पोरांकडं बघून नाही, माझ्याकडं बघून. काय विचारलं, कळलंच नाही, बाई. उजव्या हातात खडू होता. आणि बघतो तर माझा डावा हात वर गेलेला. सगळ्या वर्गानं पाहिलं. एकही पोरगं हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.”

रेवतीनं मूळ ध्वनिमुद्रण यंत्राला ऐकवलं, मग मजकुरातून नाव काढलं, गाव काढलं, शाळा काढली. मग डावा हातही काढून पाहिला. यंत्रानं लगेच अंदाज दिला: परिणाम चाळीस टक्के. डावा हात परत ठेवला: एकाहत्तर. यंत्रानं आणखी एक सूचना केली. ‘एक सर होते’ यापेक्षा ‘मी’ जास्त चालेल.

तिनं ‘मी’ला मान्यता दिली. उलट बरंच झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. सरांची लाज सरांवर येत नाही, ती मी माझ्या अंगावर घेतली. दुसरीचा दागिना घालून लग्नात मिरवणारी बाईही आरशासमोर असंच काहीतरी म्हणत असेल.

निरोप सोमवारी सकाळी गेला. बुधवारपर्यंत एकोणतीस हजार शिक्षकांनी होकार दिला. टक्केवारी एकाहत्तर, अगदी अंदाजाबरहुकूम. कोल्हापूरपासून गोंदियापर्यंतच्या लोकांनी रेवतीला लिहिलं. मॅडम, तुमचं धाडस. मॅडम, डोळ्यांत पाणी आलं. मॅडम, माझाही डावाच हात. एका संस्थेनं तर ‘प्रांजळ शिक्षिका’ म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, आणि ती नाही म्हणाली तर तो तिचा विनय धरला गेला. बोरगावकर बाईंनी राज्याच्या पुण्यातल्या इंग्रजी कक्षाचं प्रमुखपद जवळजवळ तिच्या हातात ठेवलं. शिक्कामोर्तब दुसऱ्या टप्प्यानंतर.

गुरुवारी दुपारी ती कार्यालयात निकालाचा तक्ता पाहत बसली होती. यंत्र प्रत्येक निरोपाचा परिणाम मांडत असे. सर्वसाधारण उघडीप एक्केचाळीस सेकंद. सर्वाधिक किती, म्हणून तिनं सहज यादी उलटी लावली.

पहिल्या ओळीवर अकरा मिनिटं चाळीस सेकंद होते.

तिला वाटलं, कुणी फोन चालू ठेवून झोपला असेल. पण तपशिलात होतं: निरोप तीन वेळा ऐकला. बुबुळ पूर्ण विस्तारलेलं. अंगठा पडद्यावर स्थिर. शेवटी होकार. पुढे यंत्राचा शेरा: ‘आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद. हा नकाशा आदर्श मानून इतर निरोप सुधारावेत.’ आणि त्याखाली, जिल्हा, तालुका, केंद्र: देवठाणा. वय सत्तावन्न. मूळ विषय विज्ञान.

सरांनाही निरोप गेला होता. एक्केचाळीस हजारांत ते असणारच, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अडतीस जणांची नावं लपवण्याचा तिला इतका सराव झाला होता की ती माणसं कुठे राहतात, त्यांच्याकडे फोन असतो, हेही ती विसरली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती देवठाण्याला गेली. सरांच्या अंगणात पेरूचं झाड, त्याखाली खाट. गयाबाई सुपात डाळ पाखडत होत्या. एरवी त्या लांबूनच “ये गं रेवती” म्हणायच्या. आज सूप खाली ठेवून पदर सावरत उठल्या.

“या मॅडम. बसा.”

बारा-पंधरा वर्षं या घरात तिला स्टीलच्या पेल्यात चहा मिळत आलेला. आज कप-बशी आली. बशीला सोनेरी काठ होता. साहेब लोकांसाठी ठेवलेल्यातली. रेवतीनं ती बशी हातात घेतली आणि तिला कळलं की आपण या घरातून किती लांब गेलो आहोत. नुसता उंबऱ्यापासून खाटेपर्यंतचा हिशेब नव्हता हा.

सर आतून आले. बारीक झाले होते. की तिला तसं वाटलं.

“आलात? बरं झालं. मी म्हणलं, मॅडम आता पुण्याच्या.”

“सर, मला मॅडम म्हणू नका.”

“मग काय म्हणू? आता तर तुमचाही डावा हात वर गेला की.”

गयाबाई आत निघून गेल्या. भांडी मात्र वाजली नाहीत. म्हणजे त्या दाराआडच थांबल्या होत्या.

“तीनदा ऐकलं,” सर म्हणाले. “पहिल्यांदा वाटलं, अरे, हिच्या बाबतीतही असंच झालं? बिचारी. खरं सांगतो, मला तुमची दया आली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्यात ते ‘हसली असती तर बरं झालं असतं’ आलं. मग तिसऱ्यांदा ऐकलं. म्हणलं, माझ्यापेक्षा बरं सांगते. मला काही एवढं नीट सांगता आलं नव्हतं.”

“सर, ते मी नाही बोलले. यंत्र...”

“असं होय. मग मी होकार कुणाला दिला?”

तिनं बशी खाटेवर ठेवली.

“शेवटी तुम्ही म्हणालात, ‘सर, एवढं कराल ना माझ्यासाठी?’ आता तुमचा शब्द कधी मोडलाय का? दाबलं.”

हे वाक्य रेवतीनं लिहिलेलं नव्हतं, मान्यही केलेलं नव्हतं. पण ते कुठून आलं, हे तिला त्या क्षणी लख्ख आठवलं. मुलाखतीच्या दिवशी सर तासभर गप्प होते. तेव्हा तिनंच ध्वनिमुद्रण चालू असताना पुढे वाकून म्हटलं होतं: सर, एवढं सांगाल ना माझ्यासाठी? त्यावर त्यांनी तोंड उघडलं होतं. यंत्रानं ते ऐकलं होतं, आवाजावरून माणूस ओळखला होता आणि टिपून ठेवलं होतं, या माणसाला काय लागू पडतं ते. मनधरणी यंत्रानं शोधलेली नव्हतीच. यंत्रानं ती रेवतीकडून उचलली होती.

“गावात कळलं?” तिनं विचारलं.

“माझ्या हाताखालून गेलेले नऊ जण आज याच केंद्रात मास्तर आहेत. नवांच्या नवांनी त्या दिवशी वर्गात माझा हात पाहिलाय. त्यांना कळायला वेळ लागतो का? तो अन्वर शेख, मागच्या बाकावरचा, आता पिंपळगावला आहे. टपरीवर भेटला की डावा हात वर करतो. थट्टा करतो का रामराम करतो, तेच कळत नाही. आपणही काय करावं? हसतो.” त्यांनी पेरूच्या झाडाकडे पाहिलं. “निवृत्तीला सहा महिने राहिलेत. वर्गात तुमचा कान लागलाय. काल गुण आले, शंभरात एकवीस. एकवीस तरी आले म्हणायचं. एवढी वर्षं मी स्वतःला पंधराच धरत होतो.”

“मी ग्रुपवर माफी मागते, सर. सगळं सांगते.”

“माझं नाव घेऊन, का न घेता?”

सर खाटेच्या कडेला टेकले.

“घेतलंत तर मला तोंड दाखवायला जागा नाही. नाही घेतलंत तर लोक म्हणतील, काय मोठ्या मनाची बाई. पुन्हा तुमचंच भलं.” ते रागावले नव्हते, फळ्यावरचं गणित समजावून सांगावं तसं सांगत होते. “तुमच्या पुस्तकात मी सतरा नंबर होतो. सतरा नंबरच बरा होता, बाई.”

चहा तसाच राहिला. निघताना तिनं बशी आत नेऊन द्यावी म्हणून उचलली, तर गयाबाईंनी दारातच हातातून घेतली. “राहू द्या. पाहुण्यांनी भांडी उचलायची नसतात.”

सोमवारी रेवतीनं कार्यालयात बसून माफी लिहिलीच. कुणाचंही नाव न घेता, फक्त एवढंच की ती गोष्ट माझी नव्हती, मी ती विश्वासघात करून मिळवली, ज्यांनी त्या भरात होकार दिला त्यांनी तो मागे घ्यावा. चार वाक्यं. पाठवायच्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राचा अंदाज उमटला.

‘अपेक्षित परिणाम अठ्ठ्याऐंशी टक्के. उघडीप बावन्न सेकंद. हा मजकूर दुसऱ्या टप्प्याच्या संमतीपत्रासोबत पाठवावा.’

ती किती वेळ त्या अठ्ठ्याऐंशीकडे पाहत राहिली, ते यंत्रानं नक्कीच मोजलं असेल. खरं बोलायला म्हणून ती बसली होती, आणि तिचं खरंसुद्धा एकाहत्तरवरून अठ्ठ्याऐंशीवर नेणारं खत निघालं. शरमेची ही गोष्ट तिला संशोधनात कुणी शिकवली नव्हती: एकदा तिचा उपयोग झाला की नंतर ती कितीही खरी असली तरी उपयोगाचीच राहते. तिनं चारही वाक्यं पुसली. यंत्रानं अदबीनं विचारलं, ‘पुसलेला मजकूर अभ्यासासाठी जपून ठेवू का?’

महिनाअखेरची शिक्षण परिषद देवठाण्याच्या शाळेतच भरली. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक जमायचे, कुणीतरी एक आदर्श पाठ घ्यायचा, इतरांनी तो पाहत मनात आपल्या कामांची यादी करायची, शेवटी पोहे, असा रिवाज. यावेळी पोह्यांबरोबर जिलबीही होती, कारण बोरगावकर बाई स्वतः आल्या होत्या. समोरच्या भिंतीवर कॅमेरा लावला होता. मंचासकट सभागृहातले वर आलेले हात तो मोजणार आणि आकडा थेट पडद्यावर येणार. दुसऱ्या टप्प्याला शिक्षकांचा पाठिंबा आहे, हे मुंबईला दाखवायचं होतं. सुरुवात देवठाण्यापासून, कारण ‘प्रांजळ शिक्षिका’ इथलीच.

रेवती मंचावर होती, अहवालाचा कागद पुढ्यात घेऊन. शेवटच्या रांगेत नागोराव सर. त्यांच्याशेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे अन्वर शेख येऊन बसला. बसताना त्यानं सरांच्या पायाला हात लावला, पण इतक्या चटकन की चप्पल सारखी करतोय असंच वाटावं.

बोरगावकर बाई अर्धा तास बोलल्या. कानाचे फायदे, दुसरा टप्पा, आता गुणांवरून शिक्षकांच्या नेमणुका. मग त्यांनी टाळी वाजवली.

“चला, बोलून कंटाळा नको. वर्गात कान बसवल्यामुळे मी चांगला शिक्षक झालो, असं कुणाकुणाला वाटतं? हात वर!”

पंखे तेवढे फिरत होते. समोर चौसष्ट माणसं मांडीवरच्या हातांकडे बघत होती. रेवतीला वाटलं, आता कुणीतरी उठेल, भांडेल, आठवी ओळ वाचून दाखवेल. कुणी उठलं नाही. शिक्षक साहेबासमोर उठत नसतात.

मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. अन्वरचा.

त्याच्यामागोमाग दुसरा, चौथा, नववा. ते नऊ जण. मग पुढच्या रांगा. त्या नवांनी तो हात वर्गात पाहिला होता, बाकीच्यांनी रेवतीच्या आवाजात ऐकला होता. नवरा-बायकोनं एकदमच हात वर केले. मुख्याध्यापकांनी आधी इकडेतिकडे पाहून, मग ठामपणे. पडद्यावरचा आकडा पळत होता, एकोणीस, सदतीस, पन्नास, त्रेसष्ट. सर्वांत शेवटी नागोराव सरांचा. चौसष्ट.

“शंभर टक्के!” बोरगावकर बाई ओरडल्याच. “मी म्हटलं नव्हतं?”

कॅमेऱ्यानं तळवे बरोबर मोजले होते. हात म्हणजे हात, एवढंच त्याला शिकवलेलं. ते यंत्र बनवणाऱ्यांपैकी कुणी तपासणीच्या दिवशी देवठाण्याच्या त्या वर्गात बसलेलं नसावं. नाहीतर त्यांना दिसलं असतं, की वर गेलेल्या चौसष्ट हातांत एकही उजवा नव्हता.

“गुंजकर मॅडम, तुमचाही हात पाहिजे हं! फोटोला बरं दिसतं.”

रेवतीच्या उजव्या हातात पेन होतं. अहवालात दोनच रकाने: होकार, नकार. खाली तिची सही. चौसष्ट आणि शून्य लिहिलं की पुणं पक्कं. तिनं मागच्या रांगेकडे पाहिलं. सर तिच्याकडेच पाहत होते. डोळ्यांत राग नव्हता, क्षमाही नव्हती. बाईला हे येतं की नाही, एवढंच ते पाहत होते.

तिनं ‘होकार’ खोडून त्या जागी ‘उजवे’ लिहिलं आणि खाली शून्य. ‘नकार’ खोडून ‘डावे’ लिहिलं. त्याखाली पासष्ट. आणि मग तिचा डावा हात वर गेला.

“हे काय लिहिलंय?” बोरगावकर बाई कागदावर वाकल्या. माईक चालूच होता. “उजवे, डावे? डावे म्हणजे काय, मॅडम?”

आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. सतरा क्रमांक, कागदावरची सही, बारा वर्षं. पदवी जाणार, त्याचं तिला आता काही वाटेना. पण सांगायचं म्हणजे त्या नावाशिवाय सांगता येत नव्हतं, आणि ते नाव घेण्याचा हक्क तिनं केव्हाच घालवला होता. तिच्याच आवाजात एक्केचाळीस हजार लोकांनी ऐकलेली गोष्ट तिला पासष्ट माणसांपुढे सांगता येईना.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“त्यांना नका विचारू, मॅडम,” नागोराव सर उभे राहिले होते. आवाज जरा कापत होता, यंत्रानं काढला त्यापेक्षा बराच वाईट. “ती गोष्ट माझी आहे. सतरा नंबर मी. तपासणीच्या दिवशी काय व्हायचं, ते मी सांगतो. नीट सांगता येणार नाही, पण सांगतो.”

आणि ते सांगू लागले, अडखळत, मागे-पुढे करत. कुणी हसलं नाही. मग साहेबाच्या इंग्रजीपाशी आले आणि ते स्वतःच हसले, तेव्हा अन्वर हसला, आणि मग सगळं सभागृह हसलं, सर सगळ्यांत मोठ्यानं.

एकेक करून हात खाली आले. पडद्यावरचा आकडा उतरत उतरत एकावर येऊन थांबला.

रेवतीचा डावा हात अजून वरच होता. खाली घ्या, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.